आज्जींचे पैसे आणि नववीचा वर्ग: कोल्हापुरातल्या एका शाळेचं प्रकरण

हे प्रकरण 2025 च्या जूनमध्ये सुरू झालं आणि पुढे काही महिने चाललं. शाळा, पेठ, बँका आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी या शाळेच्या पालक-शिक्षक संघात काम करते. यातल्या बऱ्याच प्रसंगांना मी हजर होते. शाळेतल्या मुलांनी गरजूंना मदत करावी असं आपण सगळेच म्हणतो, पण ती मदत कुठे अडते आणि अडली की काय करायचं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या जुन्या शहरातली ही अनुदानित मराठी शाळा. आजूबाजूला गल्ल्या, तालमी, एकाला एक लागून घरं. मुलं चालत येतात. पेठेतली तरुण मंडळी पुण्याला, मुंबईला गेलेली आणि घरात एकेकटी म्हातारी माणसं राहिलेली, असं चित्र दर दोन-चार घरांमागे दिसतं.

26 जून म्हणजे राजर्षी शाहू महाराजांची जयंती. राज्यभर तो सामाजिक न्याय दिन असतो, पण कोल्हापुरात तो घरचाच सण. शाळेची फेरी निघते, दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात, भाषणं होतात. त्या वर्षी नववीच्या वर्गशिक्षिकांनी मुलांना विचारलं की फेरी झाली, घोषणा झाल्या, आता आपण वर्षभर काय करणार? मुलांनी नेहमीचंच सुचवलं. फळवाटप, वह्यावाटप, रंकाळ्यावर स्वच्छता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या शेजारच्या आज्जींचं पैसं येईनात. किराणावाल्यानं उधारी बंद केलीया."

हे पैसे म्हणजे श्रावणबाळ योजनेचं अनुदान. 65 आणि त्याहून जास्त वयाच्या निराधार वृद्धांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल तर, महिन्याला 1,500 रुपये मिळतात. 65 च्या आतल्या विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. पूर्वी तहसील कार्यालय लाभार्थ्यांची यादी बँकेला पाठवायचं आणि बँक त्या यादीप्रमाणे खात्यात पैसे टाकायची. 2024 च्या अखेरीपासून सरकारने हे अनुदान डीबीटीने, म्हणजे आधार क्रमांकावरून थेट खात्यात, द्यायला सुरुवात केली. मधले हात कमी झाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्यांच्या आधारचा आणि खात्याचा मेळ बसलेला नव्हता, त्यांचे पैसे दिसेनासे झाले. 1,500 रुपयांत औषधं, गॅस आणि किराणा बसवणाऱ्या बाईला चार महिने पैसे नसले की काय होतं, हे त्या मुलीने एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

वर्गाने ठरवलं की आपल्या गल्ल्यांतल्या अशा आज्जी-आजोबांना शोधायचं आणि त्यांचे पैसे सुरू करून द्यायचे.

पहिला शनिवार

मुलांचा उत्साह दांडगा होता. जयंतीनंतरच्या पहिल्याच शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मुलं जोड्या-जोड्यांनी गल्ल्यांत फिरली. संध्याकाळपर्यंत त्यांना अकरा घरं सापडली. चहा मिळाला, कुठे भडंग मिळालं, एका आजोबांनी खासबागेतल्या कुस्त्या ऐकवल्या. मुलं खूश होती.

पण "पैसे सुरू करून द्यायचे" म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. घरातल्या मोबाईलवर आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो काढले. ते फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, म्हणजे सगळ्यांना माहिती राहील. आणि एका हुशार मुलाने, ज्याला संगणकातलं सगळं येतं अशी त्याची ख्याती आहे, आधारच्या संकेतस्थळावर एका आज्जींचा क्रमांक टाकून त्यांचं कुठलं खातं जोडलेलं आहे हे बघायचा प्रयत्न केला. त्यासाठी ओटीपी लागतो. आज्जींच्या आधारला मोबाईल क्रमांक होता तो पुण्याजवळ नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचा. या मुलाने आज्जींकडून तो क्रमांक घेतला आणि फोन लावला: "काका, तुम्हाला एक ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

अडचण

सोमवारी मुख्याध्यापकांना फोन आला. आज्जींचा मुलगा आधी शांत होता, मग त्याचा आवाज चढला. त्याला आधी अनोळखी क्रमांकावरून ओटीपी मागणारा फोन आला होता, तो त्याने फसवणुकीचा समजून कापला. नंतर त्याच्या भाच्याच्या मोबाईलवर आईच्या आधार कार्डाचा फोटो फिरत आला. भाचा आमच्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत. फोटो वर्गाच्या ग्रुपवरून तिकडे कसा गेला हे कुणालाच सांगता आलं नाही. त्याचं एक वाक्य सरांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: "सर, आईला मी दर फोनला बजावतो, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. आणि तुमची शाळा घरी येऊन तोच मागायला शिकवतेय."

या वाक्यात सगळी अडचण आली. मुलांच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं. पण गणवेशातली गोड मुलं दारात येतात, आधार मागतात, ओटीपी विचारतात, आणि त्यातून चांगलं होतं, असा अनुभव त्या म्हाताऱ्या माणसाला एकदा आला की पुढच्या वेळी गणवेश नसलेला कुणी आला तरी दार उघडंच राहणार. मुलं स्वतः फसवणार नव्हती, पण फसवणाऱ्याची वाट सोपी करत होती. वृद्धांचे पैसे अडलेत आणि ते पैशांच्या काळजीत आहेत, ही बातमी फसवणाऱ्यांनाही असतेच.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती. अकरा घरांत माणसं वाट बघत होती. शाळेने पाऊल मागे घेतलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आले, फोटो काढले, गेले.

कोणते पर्याय होते

त्या आठवड्यात मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि आम्ही तीन पालक बसलो. बैठक लांबली.

सगळं थांबवावं, असं एका शिक्षकांचं म्हणणं होतं. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. मुलं अल्पवयीन, विषय पैशांचा, उद्या कुणाच्या खात्यातून काही गेलं तर शाळेवर येणार. वह्यावाटपात असला धोका नाही. पण वह्यावाटपात त्या आज्जींचे पैसेही नाहीत.

दुसरा पर्याय होता मुलांना बाजूला ठेवून मोठ्यांनी सगळं करायचा. काम झालं असतं, कदाचित लवकर झालं असतं. पण या घरांचा शोध मुलांनीच लावला होता. आम्ही पालक त्याच गल्ल्यांत वीस-वीस वर्षं राहतो आणि आमच्यातल्या कुणालाही शेजारच्या घरात चूल कशी पेटते हे ठाऊक नव्हतं. हे मला बैठकीतच फार टोचलं.

तिसरी सूचना शाळेत एक दिवसाचं शिबिर घ्यायची. बँकेचा माणूस, सेतूचा माणूस, पोस्टाचा माणूस, सगळे एका छताखाली. ऐकायला उत्तम. पण अकरा जणांच्या अडचणी अकरा प्रकारच्या निघतील आणि शिबिरात अर्ज गोळा होऊन पुन्हा वाट बघणंच नशिबी येईल, अशी शंका होती. शिवाय अकरातल्या चौघांना जिना उतरता येत नव्हता.

पेठेतल्या तालमीकडे हे काम द्यावं, असंही निघालं. तालमीची पोरं पुरात म्हाताऱ्यांना पाठीवरून बाहेर काढतात, अडीनडीला रात्री धावतात. पण हे काम चिवटपणे आठवड्यामागून आठवडे करायचं होतं आणि गणपती तोंडावर होते. त्यांच्याकडून ने-आण करायची मदत घ्यायची, एवढं ठरलं.

शेवटी कामाची वाटणीच बदलली. कागद, बँक आणि कार्यालय मोठ्यांकडे. घरी जाणं, ऐकणं, लिहिणं, आठवण ठेवणं आणि सोबत करणं मुलांकडे. मुलांना हे सुरुवातीला कमीपणाचं वाटलं. संगणकवाला मुलगा तर फार हिरमुसला. त्याला बाईंनी वेगळं काम दिलं, ते पुढे सांगते.

काय केलं

पहिलं काम निस्तरण्याचं. बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर ग्रुपवरचे फोटो काढून टाकायला लावले, ज्यांच्या मोबाईलमध्ये उतरले होते त्यांच्या पालकांना फोन करून तिथूनही काढायला सांगितले. मग मुख्याध्यापक आणि बाई अकराही घरी जाऊन आले. झालं ते सांगितलं, आणि यापुढे शाळेचा कुणीही, मूल असो की शिक्षक, तुमच्याकडे ओटीपी मागणार नाही, मागितला तर तो आमचा नाही, असं सांगून आले. पुण्याच्या मुलालाही सरांनी स्वतः फोन केला. तो निवळला. पुढे त्यानेच आईच्या कामात फोनवरून मोठी मदत केली.

मग नियम ठरले, तेही मुलांशी बोलून. घरी जाताना दोन मुलं आणि एक मोठं माणूस. मोबाईल दप्तरात बंद. कुणाचाही कागद घराबाहेर न्यायचा नाही आणि फोटो काढायचा नाही. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, काढून आणायलाही जायचं नाही. जिथे नको म्हणतील तिथे पुन्हा जायचं नाही. एका आजोबांनी खरंच सांगितलं, "मला कुणाची दया नको." त्यांचं नाव यादीतून काढलं आणि मुलांनी रस्त्यात भेटल्यावर फक्त नमस्कार करायचा, एवढंच ठेवलं.

आणि वही. ही कल्पना बाईंची आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची. प्रत्येक घरी एक शंभर पानी वही द्यायची. त्या वहीत काय काय झालं ते लिहायचं: कोण आलं, कुठे गेलो, समोरचा काय म्हणाला, पुढच्या वेळी काय न्यायचं. वही शाळेत येणार नाही, ती त्या घरातच राहणार, मालक ते आजोबा किंवा त्या आज्जी. शाळेकडे फक्त घरांची यादी. आधार क्रमांक वहीतही लिहायचा नाही. ज्या आज्जींपासून हे सुरू झालं त्यांनी वहीला सुतळी ओवून ती कालनिर्णयशेजारच्या खिळ्याला अडकवली. कुणीही आलं की आधी म्हणायच्या, "ती वही काढ आणि मागचं वाच बघू."

आज्जींचं प्रकरण

या वहीवाल्या आज्जींचं (पुण्याच्या मुलाच्या आई त्या वेगळ्या) जरा तपशिलाने सांगते, कारण बाकीच्या कामाची दिशा त्यातून मिळाली.

आज्जींनी आयुष्यभर गुजरीतल्या दुकानांसाठी घरी बसून मणी ओवले. पोत, साज, माळा. नजर अधू झाल्यावर ते सुटलं. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की अंगठ्याच्या यंत्रावर ठसा उमटायचा नाही. मुलगा नाही, मुलगी कर्नाटकात दिलेली. अनुदान गेली काही वर्षं घरापासून चालत जाता येईल अशा एका बँकेत यायचं.

इथे शनिवारची एक साधी अडचण आली, जी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. राज्य सरकारची कार्यालयं 2020 पासून शनिवारी बंद असतात आणि बँका दुसऱ्या, चौथ्या शनिवारी. मुलांना मोकळा वेळ शनिवारचा. म्हणजे मुलांना फक्त पहिल्या, तिसऱ्या किंवा पाचव्या शनिवारी बँकेत सोबत करता येणार, तहसीलला कधीच नाही. तहसीलला मधल्या वारी मी आज्जींबरोबर गेले. रिक्षाने.

बँकेत सांगितलं, आधार लिंक आहे, पण अनुदान जमा झालेलं नाही. तहसीलमधल्या बाईंनी संगणकावर बघून सांगितलं, पैसे दर महिन्याला गेलेत. दोघांनीही नीट बघून, नीट बोलून सांगितलं होतं. मी घरी येताना असंच समजत होते की दोघांपैकी कुणाची तरी नोंद चुकली असणार आणि आता हेलपाटे सुरू.

त्या शनिवारी मुलं आली. आज्जींनी वही काढायला लावली. शेजारची तीच मुलगी मोठ्याने वाचू लागली. एका पानावर: "बँक. साहेब म्हणाले, आधार लिंक आहे. पैसे आलेले नाहीत." पुढच्या पानावर माझ्या अक्षरात: "तहसील. मॅडम म्हणाल्या, पैसे गेलेत." ती थांबली. पुन्हा पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. मग म्हणाली, "काकू, दोघंबी खरं बोलत असतील तर? पैसं गेलं असतील, पण हितं नाही, दुसरीकडंच."

आज्जी म्हणाल्या, "दुसरीकडं कुठलं? माझं हेच एक खातं." आणि मग जरा वेळाने, "आगं, ते गल्लीत टेबल मांडून बसलेवतं तवा काडलं त्ये?"

बऱ्याच वर्षांपूर्वी गल्लीत शिबिर लावून शून्य शिल्लकेची खाती उघडून दिली होती. आज्जींनी अंगठा दिला, पासबुक मिळालं, ते ट्रंकेच्या तळाशी गेलं. त्यावर एकही व्यवहार केलेला नव्हता.

इथे डीबीटी कसं चालतं ते समजून घ्यायला हवं. आधार बँकेत "लिंक" असणं ही एक गोष्ट. ती दोन-तीन बँकांतही असू शकते. पण बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत एका आधारसमोर एकच बँक असते, ज्या बँकेत ग्राहकाने सर्वांत शेवटी तशी संमती दिली ती. सरकारचे पैसे त्या बँकेत जातात. याला बँकेच्या भाषेत सीडिंग म्हणतात. आज्जींच्या जुन्या बँकेतलं खातं आधारशी लिंक होतं, पण नोंद शिबिरातल्या खात्याकडे बोट दाखवत होती. कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. पैसे महिन्यामागून महिने ट्रंकेतल्या पासबुकात जात होते.

खात्री करायची होती. ती आज्जींच्या कर्नाटकातल्या मुलीने केली, कारण आधारला तिचा क्रमांक होता. तिने स्वतः आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी घालून "बँक सीडिंग स्टेटस" पाहिलं आणि फोनवर फक्त बँकेचं नाव सांगितलं. ओटीपी तिच्याच हातात राहिला. हे करायचं कसं, याचं अर्ध्या पानाचं मराठी टिपण त्या संगणकवाल्या मुलाने तयार केलं होतं. बाईंनी दिलेलं वेगळं काम हेच. बाहेरगावी असलेल्या सगळ्या मुला-मुलींना ते टिपण गेलं. पहिल्या शनिवारी त्याने ज्या गोष्टीसाठी परक्याला फोन लावला होता, तीच आता ज्याची त्याने करायची होती.

शिबिरातलं खातं दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं. निष्क्रिय खात्यात सरकारी पैसे जमा होतात, पण काढायचे तर पुन्हा केवायसी करावं लागतं. ती शाखा लांब. आधारची प्रत, दोन फोटो, अर्ज. अंगठा लागेना. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी कागदावर काम करून दिलं. थोडा वेळ गेला, पण खातं सुरू झालं आणि साठलेले सगळे पैसे होते तिथे होते.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आता अनुदान याच शिबिरातल्या खात्यात येऊ द्यायचं, की नोंद बदलून जुन्या बँकेत आणायचं? आम्हा मोठ्यांचं मत एकच: चाललंय ते चालू द्या, हात लावला तर पुन्हा दोन महिने अडकेल. मुलंही तेच म्हणाली. आज्जी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तिकडं जायाला रिक्षा लागती. रिक्षाला कुणाचं तरी तोंड बघावं लागतंय. हितल्या बँकेत मी माझी माझी जाती."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. जुन्या बँकेत सीडिंगसाठी संमतीचा अर्ज दिला. नोंद बदलेपर्यंतचा एक हप्ता लांबच्या खात्यात गेला, तो आणायला तालमीतला एक मुलगा त्यांना घेऊन गेला. त्यानंतरचे पैसे चालत जायच्या अंतरावर आले.

बाकीची घरं

या एका उलगड्यामुळे आणखी तीन घरांचं काम झटपट झालं. पैसे दुसऱ्याच बँकेत पडलेले होते. एका आजोबांचा आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला. पोस्टाच्या बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बदलून देतो, हे आमच्यापैकी एका पालकाला माहीत होतं, त्याने काम झालं. एका घरी आधारवर आणि योजनेच्या नोंदीत नावाचा फरक निघाला: माहेरचं आणि सासरचं. ते काम लांबलं. दोन घरी लक्षात आलं की मुलांची कमाई धरता ते योजनेत बसतच नाहीत. त्यांना तसं स्पष्ट सांगणं फार जड गेलं, मुलांना तर जास्तच. एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "पण मुलगा पैसे देतच नाही त्यांना." हे खरंच होतं. आई-वडिलांच्या पोटगीसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे आणि त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, एवढी माहिती बाईंनी त्या आजोबांना दिली. ते म्हणाले, पोरावर अर्ज करायचा नाही. तो त्यांचा निर्णय. मुलं त्यांच्याकडे जात राहिली, पेपर वाचून दाखवायला, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. पुढे त्यांची शस्त्रक्रिया झाली.

फोटोचा प्रश्न

ऑगस्टमध्ये संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सुचवलं की स्वातंत्र्यदिनाला या आज्जी-आजोबांना मंचावर बोलवू, मुलांचा सत्कार करू, पेपरला फोटो देऊ. हेतू कौतुकाचाच होता. मुख्याध्यापकांनी आधी हो म्हटलं. बाईंनी निर्णय वर्गावर सोपवला आणि मुलांना एकच विचारलं: "तुमच्या आज्जीचे पैसे थांबले असते तर तिला मंचावर बोलावलेलं तुम्हाला चाललं असतं का?" वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही, मग हात वर करून एकमताने नकार आला. मंचावर एका मुलीने काय केलं ते नाव न घेता पाच मिनिटं सांगितलं. सीडिंग म्हणजे काय तेही सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर पालकांतले दोघं बाजूला येऊन विचारू लागले, आमच्या आईचंही असंच असेल का. सत्काराने हे झालं नसतं.

न गेलेला शनिवार

पावसाळ्यात आमच्या बाजूला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज विचारली जाते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या पेठा पाणी वाढायला लागलं की बाकी सगळं बाजूला ठेवतात. अशा शनिवारी मुलांना पाठवायचं नाही, हे ठरलेलंच होतं. ते सर्वांना समजलंही.

खरी चूक नंतरची. सहामाही परीक्षा आली, मग दिवाळीची सुट्टी, आणि मुलं जायची बंद झाली. कुणी ठरवून बंद केलं नाही, तसंच घडत गेलं. पेपर ऐकणारे आजोबा शनिवारी दुपारी दारात खुर्ची टाकून बसायचे. आज्जींनी एका शनिवारी मुलांसाठी शेवयाची खीर केली होती. हे सुट्टीनंतर कळलं, वहीतून. आज्जींनी शेजारणीकडून लिहून घेतलं होतं: "आज पोरं आली न्हाईत." पुढच्या शनिवारच्या तारखेखाली पुन्हा तेच.

पैशांचं काम आम्ही नियमांत नीट बांधलं होतं. येण्या-जाण्याला मात्र कुठलाच नियम नव्हता. आणि एकट्या माणसाला ठरलेल्या वारी कुणी येणं हे 1,500 रुपयांइतकंच सवयीचं होतं, तेवढंच ते बंद पडल्यावर जाणवतं.

परिणाम

वर्षअखेरीपर्यंत अकरापैकी सहा घरांचे पैसे सुरू झाले. एक आजोबा स्वतःहून बाहेर राहिले, दोन घरं पात्र नव्हती. एकाचा नवा अर्ज तहसीलमध्ये मंजुरीच्या वाटेवर होता आणि नावातल्या फरकाचं एक प्रकरण अडकलेलं होतं. सगळ्यांना एक गोष्ट कळली की दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्याची आठवण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

मुलांमध्ये झालेला बदल मोजता येत नाही, पण दिसतो. त्यांच्या बोलण्यात "करून देतो" जाऊन "विचारून बघूया का?" आलं. आणि आता ती स्वतःच्या घरात आजी-आजोबांचा ओटीपी कुणाला वाचून देऊ देत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीच्या आधी एक तास बसून "काय विचारायचं नाही, काय घ्यायचं नाही" हे ठरवलं असतं तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता. मुलांना चांगलं काम दिलं की वाट ती शोधतीलच, असं आपण धरून चालतो. ती शोधतातच, पण सगळ्यांत जवळची शोधतात, आणि आजच्या काळात सगळ्यांत जवळची वाट मोबाईलमधून जाते.

पात्रता आधी तपासायला हवी होती. दोन घरांना आम्ही दोन महिने आशेवर ठेवलं. पण यात माझं मन अजून द्विधा आहे. पात्रतेची चाळणी दारातच लावली असती तर पेपर ऐकणाऱ्या आजोबांच्या घरी मुलं गेलीच नसती.

संमती फक्त ज्येष्ठांची नको होती, बाहेरगावी असलेल्या मुलामुलींनाही सुरुवातीलाच एक फोन हवा होता. पुण्याच्या मुलाला आधी कळलं असतं तर तो पहिल्या दिवसापासून बरोबर असता. अर्थात आधी ज्येष्ठांना विचारून. काही घरांत मुलांना कळू नये असंच आईला वाटतं, आणि त्यात तिची कारणं असतात.

आणि शेवटच्या शनिवारची तारीख पहिल्याच भेटीत सांगायला हवी होती. परीक्षेत येणार नाही, सुट्टीत येणार नाही, मार्चनंतर दहावी, तेव्हा दुसरी मुलं येतील. एवढं सांगितलं असतं तर खीर वाया गेली नसती.

जानेवारीत आठवीच्या मुलांना बरोबर घेऊन फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आता प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर येत्या तीन महिन्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात आणि ज्या शनिवारी येणार नाही त्यापुढे फुली असते. नावाच्या फरकाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्या आज्जींच्या माहेरच्या शाळेतून जुना दाखला मिळतो का, हे बघायला पुढच्या आठवड्यात एक पालक गडहिंग्लजला जाणार आहेत.